कोपरापासून नमस्कार

ज्याच्याशी पुन्हा गाठ पडू नये असे वाटते त्याला कोपरापासून नमस्कार करावा, असे आपल्याकडे म्हणतात. माझी गाठ ज्या कोपराशी पडली तो माणसाचा नव्हता. तो तीन इंची नळाचा होता. ओतीव लोखंडाचा, काटकोनात वळलेला, वर गेरूसारखा लाल रंग दिलेला. दुकानदार त्याला एल्बो म्हणत, आमचे अण्णा त्याला कोपर म्हणत, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात असल्या दोन कोपरांनी आमच्या घरात जो गोंधळ घातला तो सांगायला बसलो आहे. ज्यांना नळ, पंप आणि विहिरी यांचे वावडे असेल त्यांनी पान उलटायला माझी हरकत नाही. मात्र ज्यांच्या जिन्याखाली पाण्याची मोटार कडकड करीत असते त्यांनी थोडे थांबावे.

आमचे गाव नांदेड जिल्ह्यात, अर्धापूरच्या अंगाला. त्या भागाला केळीचे वेड फार. विहीर आजोबांनी निजामाच्या राज्यात खोदलेली. चांगली चाळीस फूट खोल आणि दगडाने बांधलेली. तिच्यावर मोट चाले. मोटेचे एक बरे असते, तिला वळण ठाऊक नसते. बैल धावेवरून उतरतात, नाडा ताणला जातो, मोट सरळ वर येते आणि थारोळ्यात पाणी ओतून मोकळी होते. तिच्या वाटेत कोपर नाही आणि पेचही नाही. चामडे फाटले तर चांभाराकडे जायचे, बैल बसला तर त्याच्या नावाने दोन शिव्या हासडायच्या, इतकेच तिचे यंत्रशास्त्र.

१९६८ साली अण्णांनी आणि बापूंनी मिळून तगाई काढली आणि पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन व पंप आणला. बापू म्हणजे माझे थोरले चुलते. इंजिनाची पूजा झाली, नारळ फुटला, आणि पंपाच्या तोंडातून पाण्याचा पहिला लोट पडला तेव्हा बापूंनी अंगातल्या बंडीसकट खाली बसून आंघोळ केली होती हे मला चांगले आठवते. त्यानंतर दोनच वर्षांनी वाटणी झाली. का झाली ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी झाली आहे त्यांना ते ठाऊक असते.

बैलजोडी आणि मोट बापूंकडे गेली, इंजिन आमच्याकडे आले, विहीर सामाईक राहिली. दिवसा त्यांनी मोट हाकावी, रात्री आम्ही इंजिन लावावे असे ठरले. अडचण एकच झाली. इंजिन जिथे बसवले होते ती विहिरीसमोरची पूर्वेची पट्टी बापूंच्या वाट्याला गेली. तेव्हा अण्णांनी इंजिन उचलून आपल्या हद्दीत घेतले. आता नळाची वाट पाहा. तो विहिरीतून उभा वर येई आणि काठावर बाक घेऊन आडवा होई. हा बाक कुणालाच चुकत नाही. पण तिथून सरळ जायला बापूंची हद्द आडवी, म्हणून पहिला कोपर डावीकडे. आणि दीड वीत जातो न जातो तोच दुसरा कोपर, थेट पंपाच्या तोंडावर आवळलेला. पंप आणि तो कोपर यांच्यात बोट शिरायला जागा नव्हती. बाजूला हद्दीचा दगड, आणि दगडापलीकडे बापूंची कडब्याची गंजी.

दोन वर्षे काहीच बिघडले नाही. विहिरीला पाणी वर होते, आणि पाणी वर असले की पंपाचे सगळे दोष झाकले जातात.

मग १९७२ चा पाऊस गेला. त्या दुष्काळाबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. मिलोच्या लाल भाकरी, सुकडी, रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसे, हे सगळे आमच्याही गावाने पाहिले. आमच्याकडची म्हातारी माणसे म्हणत की बहात्तरला धान्य नव्हते पण विहिरीत पाणी होते. ते खरे होते, पण ते पाणी खाली गेले होते. १९७३ च्या फाल्गुनात आमच्या विहिरीचे पाणी काठापासून वीस फुटांवर जाऊन बसले. बापूंच्या मोटेला त्याचे काहीच नव्हते. नाडा लांब केला की झाले. आमचा पंप मात्र पाणी सोडू लागला.

पंपाने पाणी सोडणे म्हणजे काय, हे ज्याने ऐकले नाही त्याला सांगणे कठीण. इंजिन एका संथ, जड आवाजात चाललेले असते. एकाएकी ते हलके होते, ओझे फेकून दिलेल्या हमालासारखे पळू लागते, आणि बाहेरच्या तोंडाशी पाण्याची धार लुळी पडून थांबते. मग इंजिन बंद करायचे, अंधारात विहिरीत घागर सोडायची, पंपात पाणी भरायचे, हवा काढायची आणि पुन्हा हँडल मारायचे. एका वेळेला अर्धा तास जाई. असे रात्रीतून दोनदा, पुढे तीनदा होऊ लागले. सोसायटीचे कर्ज काढून लावलेली अर्धा एकर केळी डोळ्यांदेखत पाने टाकू लागली.

पहिला संशय फुटव्हॉल्व्हवर गेला. आमच्याकडे त्याला फुटबॉल म्हणतात, आणि फुटबॉल आणायला चाललो असे सांगून अण्णा नांदेडला गेले तेव्हा शेजारच्या मुलांचा फार हिरमोड झाला होता. नवा फुटबॉल बसवला. ग्लँडची दोरी बदलली. नळाच्या प्रत्येक जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली आणि वरून साबण लिंपला. पंप दोन रात्री नीट चालला आणि तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. शेजारच्या मळ्यातल्या एकाने सांगितले, “तुमच्या नळाला वळणं फार हायत, ती काढा.” ते अण्णांच्या मनाला लागले, कारण वळणे काढायची तर बापूंकडे जागा मागावी लागणार होती.

अशा वेळी मी सुट्टीत घरी आलो. नांदेडला कॉलेजात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पदार्थविज्ञान हा विषय, आणि वय वीस. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस काय काय सिद्ध करील याचा नेम नसतो.

अण्णांनी मला विचारले, “वळणानं पाणी अडतं का रे? तुझ्या पुस्तकात काय आहे?” मी ऐटीत कागद घेतला. नळाचा व्यास, पाण्याचा वेग, एका काटकोनी वळणात वाया जाणारा दाब, असे सगळे मांडले. दोन्ही कोपर मिळून पाण्याचे नुकसान जेमतेम एक फूट निघाले. म्हणजे विहीर फूटभर अधिक खोल असती तर जेवढा त्रास झाला असता तेवढाच. मी अण्णांना म्हणालो, “वीस फुटांत एका फुटाचं काय? कोपरांचा दोष नाही.” अण्णांनी तो कागद घडी घालून टोपीत ठेवला. नंतर जो कोणी वळणांचा विषय काढी त्याला ते टोपी काढून कागद दाखवीत.

माझे गणित चुकलेले नव्हते. आज पुन्हा केले तरी तेच उत्तर येते. पण ते गणित अर्धेच होते, आणि पुढचे अर्धे मला एका मिस्त्रीने शिकवले.

हे समजण्यासाठी वाचकाला एका गोष्टीवर विश्वास ठेवावा लागेल, की पंप पाणी ओढत नाही. पाण्याला ओढता येईल असे शेपूट नसते. पंप आपल्या पोटातला दाब कमी करतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा जो भार टाकून बसलेली असते ती पाण्याला नळातून वर ढकलते. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात नोंद केली आहे की ओढपंपाने एका ठरावीक उंचीपलीकडे पाणी चढत नाही. ते का, हे त्याचा शिष्य टॉरिसेली याने १६४४ साली पाऱ्याच्या नळीने दाखवले. समुद्रकाठी हवेची ही ताकद पाण्याच्या ३४ फुटांएवढी भरते. नांदेडला, समुद्रापासून उंचावर असल्यामुळे, ३३ फूट धरा.

तर जमेच्या बाजूला ३३ फूट. आता खर्च पाहा. पाणी वीस फूट खोल, ते वीस गेले; राहिले तेरा. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्याची वाफ व्हायला टपलेली असते, तिच्यासाठी दीड फूट. फुटव्हॉल्व्ह, जाळी आणि नळाचे घर्षण मिळून तीन. राहिले साडेआठ. आणि पंपाला स्वतःच्या तोंडाशी सात-साडेसात फूट दाब शिल्लक लागतो, नाही तर त्याच्या आत पाणी उकळू लागते. म्हणजे वर्षभराचा खर्च वजा जाता आमच्या हाती एक फूट उरला होता, आणि तो एक फूट ते दोन कोपर खात होते. मी वीस फुटांशी तुलना केली, ती उरलेल्या एका फुटाशी करायला हवी होती. ज्याच्या खिशात रुपया शिल्लक आहे त्याला रुपयाचा चहा पाजून, तुझ्या पगाराच्या मानाने हे काय, असे म्हणण्यासारखे ते झाले.

पंपाच्या पुढे, म्हणजे पाणी बाहेर जाते त्या बाजूला, दहा कोपर घाला; इंजिन थोडे अधिक डिझेल पिईल आणि पाणी पोहोचवील. पंपाच्या मागे घातलेल्या कोपराचा खर्च मात्र हवेच्या भांडवलातून जातो, आणि ते भांडवल कुठली सोसायटी वाढवून देत नाही.

मिस्त्री नांदेडहून आला तो सायकलवर, हत्यारांची पेटी मागे बांधून. पन्नाशीचा, सडसडीत, बोलायला कमी. त्याने प्रथम बिडी पेटवली आणि इंजिन चालू करायला लावून प्रत्येक जोडापाशी धूर सोडला. कुठे हवा जात असती तर धूर आत ओढला गेला असता. तो कुठेच गेला नाही. मग त्याने पेटीतून लाकडी दांडा काढला, त्याचे एक टोक पंपावर आणि दुसरे कानावर ठेवले, आणि मलाही ऐकायला दिले. आत कुणीतरी हरभरे भाजीत होते. ताडताड, ताडताड. “हे पाणी फुटायलंय,” तो म्हणाला.

त्याने पंप उघडला. आतला पंखा बाहेर काढून उन्हात धरला तेव्हा अण्णांच्या तोंडून शब्द फुटेना. पात्यांच्या तोंडाशी धातूला देवीचे व्रण पडावेत तशी भोके पडली होती. दाब कमी झाला की पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात, पुढे दाब वाढला की ते मिटतात, आणि मिटताना इतक्या जोराने मिटतात की बिडाचा कण उडवतात. वाळूचा कणही नसलेल्या स्वच्छ पाण्याने लोखंड खाल्ले होते.

मिस्त्रीने कोपरांकडे बोट दाखवले. “मालक, पंपाच्या तोंडासमोर दोन हात नळ सरळ पायजे. हे असं नाक दाबल्यावर ते पाणी धरील कसं?” अण्णांनी टोपी काढली आणि कागद त्याच्यापुढे केला. “आमचा मुलगा कॉलेजात आहे.”

त्याने तो कागद वाचला असे मला वाटत नाही. पण उलटसुलट करून आदराने पाहिला आणि मला म्हणाला, “साहेब, दाब किती गेला ते तुमी बरोबर काढलं असंल. पण पाणी कसं येतंय, ते कागदावर कुटं हाय?”

तो मला पाटावर घेऊन गेला. बापूंची मोट चालली होती, पाट वाहत होता. पाट जिथे वळतो तिथे त्याने मूठभर भुसा वर सोडला. सरळ पाटात भुसा पसरून चालला होता; वळणावर तो सगळा एका अंगाला दाटला, गिरकी घेऊ लागला, आणि वळण संपून बरेच पुढे जाईपर्यंत सरळ झाला नाही. “नळात बी असंच,” तो म्हणाला. “वळलेल्या पाण्याला सरळ व्हायला जागा द्यावी लागती. पंखा सगळ्या अंगानं सारखा फिरतोय, आन् पाणी येतंय एका अंगानं. अर्धा पंखा तुडुंब, अर्धा उपाशी.”

पुढे शिक्षक झाल्यावर मी या विषयाच्या मागे लागलो, तेव्हा कळले की हा भुसा फार मोठमोठ्यांनी टाकून पाहिला आहे. जेम्स टॉमसन याने १८७६ साली नदीच्या वळणात पाणी कसे फिरते याचा उलगडा केला. हा लॉर्ड केल्व्हिनचा थोरला भाऊ, आणि धाकट्याच्या कीर्तीपुढे झाकला गेलेला. वळणावर मधले वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे फेकले जाते, तळाचे संथ पाणी आतल्या काठाकडे सरकते, आणि सगळ्या प्रवाहाला पीळ पडतो. आइन्स्टाइनने १९२६ साली हाच विषय चहाच्या पेल्यावरून समजावला. चहा ढवळला की चोथा कडेला जायचा सोडून मध्ये गोळा होतो तो याच कारणाने. वाकलेल्या नळातल्या प्रवाहाचे गणित डीन याने १९२७ साली मांडले. नळाच्या एका वळणात पाण्याच्या अशा दोन गुंडाळ्या होतात. आणि दोन वळणे एकमेकांजवळ, वेगवेगळ्या दिशांना घातली, एक उभ्यातून आडवे आणि दुसरे आडव्यातून बाजूला, की सगळा प्रवाहच मळसूत्रासारखा फिरत पुढे जातो. आमच्या नळाने नेमके हेच केले होते. तंत्राच्या पुस्तकांत पंपाच्या तोंडासमोर नळाच्या व्यासाच्या पाच ते दहापट लांबी सरळ ठेवावी असा नियम सापडतो. तीन इंचांची दहापट तीस इंच. मिस्त्रीचे दोन हात छत्तीस इंच भरतात. त्याने पुस्तकापेक्षा सहा इंच उदारपणाने दिले होते.

असो. पंखा बदलला, पण कोपर तिथेच राहिले. मिस्त्री म्हणाला तसे करायचे तर पंप दोन-तीन हात पलीकडे, गंजीच्या जागी न्यायला हवा होता. दुष्काळातली कडब्याची गंजी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आमचे इंजिन डिझेलवर चाले तसे बापूंचे बैल त्या गंजीवर चालत. अण्णा म्हणाले, “मी मागणार नाही. आणि गणितानं कोपरांचा दोष निघत नाही.” मी गप्प बसलो. माझे गणित अपुरे आहे हे मला पाटावरच कळले होते. पण ज्या कागदाचा बापाला अभिमान वाटतो तो मागे घ्यायला जे धैर्य लागते ते माझ्यापाशी नव्हते. माझ्या त्या कागदाने अण्णांना भावापुढे न जाण्याचे कारण मिळवून दिले होते. तीन आठवडे असे गेले. निम्मी केळी गेली.

चैत्रातली एक रात्र. इंजिन तिसऱ्यांदा पळू लागले तसे अण्णांनी ते बंद केले आणि तिथेच बांधावर बसून राहिले. घागर विहिरीत सोडायलाही ते उठेनात. एवढ्यात पलीकडून कंदील हलत आला. बापू होते. दगडाच्या त्या बाजूला थांबून ते मला म्हणाले, अण्णांना नव्हे, “पाणी सोडलं का रं?”

“हो, बापू.”

“तिसऱ्या बारीला.” एवढे बोलून ते कंदील घेऊन परत गेले. म्हणजे ते रोज रात्री जागे राहून आमच्या इंजिनाचा आवाज मोजीत होते.

सकाळी आम्ही मळ्यात गेलो तेव्हा गंजी निम्मी हलली होती. बापू आणि मोठी आई पेंढ्या उचलून धावेपलीकडे रचीत होती. अण्णा काही वेळ पाहत उभे राहिले, मग चपला काढून पेंढ्या उचलायला गेले. कुणी कुणाशी बोलले नाही. जागेचे बापूंना कुणी सांगितले ते आम्हाला कधीच कळले नाही. आईवर माझा संशय आहे, मिस्त्रीवर त्याहून अधिक.

मिस्त्रीने पंप हलवला, दोन्ही कोपर काढले, काठावरचा तीव्र बाकही बदलून लांब गोलाईचा घातला आणि पंपासमोर नळ नीट सरळ ठेवला. पंपाकडे येताना नळाला थोडा चढ दिला, म्हणजे मध्ये हवा साचून राहू नये. त्या रात्री इंजिन उजाडेपर्यंत एका आवाजात चालले. काढलेले कोपर मिस्त्री मजुरीचा भाग म्हणून घेऊन गेला. अण्णांना ते डोळ्यांसमोर नकोच होते. दोघे भाऊ त्यानंतरही दोन वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत, हे सांगायला हवे. कागद टोपीतून कधी गेला ते मी विचारले नाही.

पुढे माझी नोकरी लातूरला झाली आणि तिथेच राहिलो. मुलांची सहल घेऊन एकदा नांदेडजवळच्या विष्णुपुरीला गेलो होतो. तिथे गोदावरी अडवून तिचे पाणी पंपांनी उचलून कालव्यात सोडले आहे. मुले पाण्याकडे पाहत होती आणि मी, हे पाणी पंपाच्या तोंडाशी कोणत्या वाटेने जात असेल, याचा विचार करीत उभा होतो. अशा मोठ्या पंपगृहांसाठी अभियंते आधी लहान नमुना करून पाहतात, पाणी तोंडाशी पीळ घेऊन येऊ नये म्हणून हौदात भिंती आणि पडदे घालतात. मुलांना हे सांगितले, त्यांना ते फारसे रुचले नाही. एकाने विचारले, “सर, डबे कधी सोडायचे?”

कोपराला मी केलेला नमस्कार पोहोचला नव्हता, हे मला २०१६ साली लातुरात समजले. बहात्तरला पाणी होते आणि धान्य नव्हते. सोळाला दुकानात सगळे होते आणि नळाला पाणी नव्हते. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली, दहा वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. ती गाडी पाहायला मीही गेलो होतो. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वाट तुडवून कृष्णेकाठचे पाणी आमच्या स्टेशनात उभे होते, आणि लोक हार घेऊन आले होते.

आमच्या इमारतीत बारा घरे. टँकर येई तो तळातल्या हौदात पाणी सोडी आणि जिन्याखालची मोटार ते गच्चीवर चढवी. हौद भरलेला असला की मोटार मुकाट चाले. तळाशी हात-दीड हात पाणी राहिले की तिच्यातून हरभरे भाजल्याचा आवाज येई आणि ती पाणी सोडी. त्या दिवसांत हौद तळाशीच असे. मी वाकून पाहिले. मोटारीच्या तोंडात एल्बो घट्ट बसवलेला होता. जिन्याखाली जागा नाही म्हणून प्लंबरने तो तसा बसवला होता. लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेडपेक्षा उंच. म्हणजे हवेच्या भांडवलातून आणखी जवळजवळ एक फूट आधीच कमी.

तरुण प्लंबर म्हणाला, “काका, पाणबुडी टाकून द्या, झंझटच नको.” त्याचे बरोबर होते. पाण्यातच बसणाऱ्या मोटारीला ओढायचा नळ नसतो, मग कोपरही नसतो. शेतातले इंजिन आणि फुटबॉल तिनेच हद्दपार केले. पण तिला बुडायला पाणी लागते, आणि आम्हाला तर तळाचे शेवटचे वीतभर पाणी हवे होते. मोटार जिन्याखालून काढून बाहेरच्या बोळात ठेवली असती तर नळ सरळ झाला असता. दीड इंची नळ, त्याला एक हात जागा पुरे. ती जागा तळमजल्यावरच्या गृहस्थांच्या खिडकीखाली होती. तिथे त्यांचा कूलर आणि रिकाम्या कुंड्या होत्या. टँकरच्या वर्गणीवरून त्यांचे आणि माझे बोलणे बंद होऊन सहा महिने झाले होते.

मी त्यांच्या दाराशी गेलो. वाटेत दोनदा परत फिरलो, हेही लिहितो. दार त्यांनीच उघडले. मी म्हणालो, “एक हात जागा पाहिजे.” का पाहिजे ते मला धड सांगता येईना, चहाचा चोथा, पाटातला भुसा, सगळे एकदम तोंडात आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “विचार करून सांगतो.” विचाराला त्यांनी आठ दिवस घेतले. नवव्या दिवशी सकाळी बोळात कुंड्या सरकवल्याचा आवाज आला.

मोटार हलवली त्या संध्याकाळी हौदात वीतभरच पाणी होते. प्लंबरने बटण दाबले. मी त्याच्याकडचा लांब पेचकस मागून घेतला, टोक मोटारीवर ठेवले, मूठ कानाला लावली आणि बसून राहिलो. तळमजल्यावरचे गृहस्थ खिडकीत उभे होते.

“काय ऐकू येतंय, सर?” त्यांनी विचारले.

“काहीच नाही,” मी म्हणालो, आणि पेचकस त्यांच्याकडे दिला.